डावा कोपरा

कबड्डीतला चढाईवाला ओळखायला सोपा. चालण्यात तोरा, बोलता बोलता मांडीवर थाप. बचाववाला शोधावा लागतो. सकाळी डोंबिवलीच्या फलाटावर फास्ट लोकलसाठी सगळे माना ताणून उभे असतात, तेव्हा जो खाली लोकांच्या पायांकडे बघत असतो तो जुना कोपरारक्षक समजावा. आमच्या बिल्डिंगमधले दादा त्यातलेच. "चौथ्या मजल्यावरचे काका आजारी आहेत का हो? उजवा पाय ओढत गेले." काकांचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नसतो. तोंड थाप मारतं, पाय मारत नाही, असं त्यांचं मत.

गाडी आली की उडी मारणाऱ्यांत दादा नसतात. "येऊ दे आत," हे त्यांचं पेटंट वाक्य. गाडी असो, पाऊस असो, मुलीला बघायला आलेली मंडळी असोत, सगळ्यांना तेच. घाई केली की कोपरा बाद. चढाईवाल्याला निदान रेषा ओलांडू द्यायची, बोनसच्या लोभाने आणखी पुढे सरकू द्यायचं, आणि तो परत फिरला की मागे राहिलेला घोटा धरायचा. चढाई तीस सेकंदांची. दादांनी तोच धीर नोकरीभर पुरवला. खेळाडू कोट्यातून लागलेले, साहेबांशी वाद कधी नाही. साहेब रजा नाकारून वळले की हे मागून नियम काढतात.

कल्याणच्या एका कार्यालयात लग्न होतं. मुलींनी नवरदेवाचे बूट पळवून दादांच्या खुर्चीखाली ठेवले. दादा मठ्ठा पीत होते. नवऱ्याचा धाकटा भाऊ गप्पा मारत मारत जवळ आला, खाली वाकला, बूट उचलून वळला. दादांनी पेला शेजारच्या खुर्चीवर ठेवला, एक गुडघा टेकला, आणि दोन्ही हातांत घोटा! तो पोरगा लाल गालिच्यावर आडवा. मठ्ठ्याचा थेंब सांडला नव्हता. वधूपिता घाबरून धावत आले, तर दादा त्या पोरालाच समजावत होते, "असा पाय घासत वळू नये रे. उचलून वळ."

एक सल मात्र आहे. स्थानिक स्पर्धेत उत्कृष्ट चढाईला सायकल आणि उत्कृष्ट पकडीला भिंतीवरचं घड्याळ. दादांच्या घरात घड्याळं बरीच, प्रत्येकाची वेळ वेगळी. वहिनी मोबाइल बघून कुकर उतरवतात. टीव्हीवर प्रो कबड्डी लागली की दादा ओरडतात, "अरे, घोटा कोणी धरला ते दाखव ना!" कल्याणचा गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यातून खेळत 2018 मध्ये पुणेरी पलटणचा कर्णधार झाला, तेव्हा त्यांनी घरचं कार्य असल्यासारखे पेढे वाटले. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणने उपांत्य फेरीत भारताला 27-18 असं हरवलं. 1990 पासून ओळीने 7 सुवर्णपदकं, ती साखळी तुटली. सगळी बिल्डिंग हळहळत होती. दादाही हळहळले, जेवले नाहीत, पण रात्री जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "तो इराणचा फजल अत्राचली बघितलास? डावा कोपरा आहे." स्वर असा, की पोरगं जणू आमच्या डोंबिवलीतल्या पाथर्लीचं.

आता गुडघ्यांना पट्टे बांधून रविवारी पोरांना शिकवतात. येणाऱ्या प्रत्येकाला चढाईच शिकायची असते. दादा त्याला पहिले दोन महिने कोपऱ्यात उभं करतात आणि शेजारच्याचा हात धरायला लावतात. पोरं कंटाळून पळतात, काही टिकतात. टिकलेल्यांपैकी एकाच्या आई परवा तणतणत मैदानावर आल्या. "दादा, तुमच्यामुळे आज क्लासमध्ये मला बोलावून घेतलं. फळ्याकडे वळणाऱ्या सरांचा पाय धरला यानं!"

दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पोराला पुढे ओढलं, डोळे वटारले.

"कुठला पाय? पुढचा की मागचा?"

"मागचा."

"मग सर पडले कसे नाहीत?"