उणे टक्क्यांचं दर्शन

पळसदेवच्या पळसनाथ मंदिराच्या वेळा पुजारी ठरवत नाही, उजनी धरण ठरवतं. 1980 मध्ये भीमेवरचं हे धरण पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि काळ्या पाषाणातलं हेमाडपंती मंदिर शिखरापुरतं उरलं. पाऊस बरा झाला की दर्शन बंद. दुष्काळ पडला की महाद्वार उघडं.

उजनीतल्या उपयुक्त पाणीसाठ्याची टक्केवारी शून्याखालीही मोजतात. 2024 च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली. करमाळ्याच्या काठावर शेतकरी मोटारीचे पाइप पाण्यामागे आणखी आत ओढत होता, तेव्हा पुण्याच्या गाड्या भेगाळलेल्या गाळातून मंदिरापर्यंत पोचत होत्या. कोरीव खांब, सभामंडप, भूमिज शैलीचं शिखर, सगळं मोबाइलमध्ये मावलं. ‘काय वास्तुकला!’ म्हणत पाहुण्यांनी पायरीवर बाटलीतलं थंड पाणी संपवलं आणि बाटली तिथेच ठेवली.

परतताना भिगवणला चिलापीचं कालवण. तिथं एकानं विचारलं, पुढच्या मेमध्ये मंदिर दिसेल ना? काठावरच्या माणसानं आभाळाकडे पाहून सांगितलं, "न दिसलं तर पेढे वाटू."