परत येणार, कागदोपत्री

लक्झेंबर्गमध्ये मोझेल नदीच्या काठी शेंगेन नावाचं गाव आहे. वस्ती बेताची, भोवती द्राक्षमळे, पलीकडच्या तीरावर जर्मनी आणि कोपऱ्यावर फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी इथे ‘प्रिन्सेस मारी-अ‍ॅस्ट्रिड’ नावाच्या बोटीवर पाच देशांची माणसं जमली आणि आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू बंद करायचं त्यांनी ठरवलं. पाचाचे आज २९ देश झाले. त्या गावात डोंबिवलीहून कोणी मुद्दाम गेल्याचं ऐकिवात नाही, पण सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांच्या घोळक्यात त्याचं नाव रोज निघतं. “तुमचं शेंगेन झालं का?” हा प्रश्न तिथे आता मोतीबिंदूच्या बरोबरीने विचारला जातो.

वाड्यातल्या आतल्या दारांच्या कड्या काढून टाकल्या की दिंडीदरवाजाला दोन अडसर जास्त लावावे लागतात. युरोपने तेच केलं. एकदा आत शिरलात की पॅरिसहून झुरिकला जा, तिथून मिलानला जा, सहसा कोणी हटकत नाही. म्हणून सगळी चौकशी उंबऱ्याबाहेरच. आणि त्या चौकशीचं सार एकच: तुम्ही का येताय हे ठीक आहे, पण परत जाल कशावरून?

काकांना हा प्रश्न झोंबला. काका राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले. उभी हयात त्यांनी कर्ज मागायला आलेल्यांना “आणखी एक कागद लागेल” असं शांतपणे सांगण्यात घालवली. आता यादी त्यांच्या हातात होती: तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पेन्शनचे कागद, शिक्का मारलेलं बँक स्टेटमेंट, हॉटेलांची आरक्षणं, दिवसवार कार्यक्रम, विमा, आणि हे सगळं कशासाठी ते सांगणारं पत्र. ते पत्र काकांनी तीनदा लिहिलं. पहिल्या मसुद्याची सुरुवात “उपरोक्त विषयास अनुसरून” अशी होती, तीसुद्धा इंग्रजीत.

बँकेचा शिक्का हे प्रकरण वाटलं तितकं सोपं निघालं नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, नेट बँकिंगवरून पीडीएफ काढा ना, शिक्का कशाला?” शिक्का हवाच म्हटल्यावर शोधाशोध सुरू झाली. लॉकर रूमच्या टेबलाच्या खणात गोल शिक्का सापडला. पॅड मात्र वाळून खडखडीत झालेलं. काकांनी ते मागून घेतलं, शाईचे चार थेंब टाकले, अंगठ्याने कडेपर्यंत पसरवले, आणि प्रत्येक पानावर कोणता कोपरा धरायचा हे त्या मुलीला दाखवलं. शिक्के तिने मारले, पण हात काकांचाच चालत होता. बाहेर पडताना ते बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसले.

फोटोचीही तीच तऱ्हा. ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, आणि चौकटीचा ७० ते ८० टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला. स्टेशनजवळचे फोटोवाले यात मुरलेले असतात; गिऱ्हाइकाने देशाचं नाव घेतलं की माप त्यांच्या तोंडात तयार. काका पांढरा बुशशर्ट घालून गेले होते. पांढऱ्या पडद्यासमोर तो शर्ट दिसेनासाच झाला आणि मुंडकं तेवढं अधांतरी राहिलं. फोटोवाल्याने न बोलता खुंटीवरचा काळा कोट काढून दिला. त्या कोटाने आजवर किती जणांना युरोप दाखवला असेल, देव जाणे. काकूंना हसू नका म्हणून बजावलं होतं, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना हसू आवरेना.

मग देश कुठला, यावर घोळक्यात परिसंवाद झडला. “ज्याची तारीख लवकर मिळेल त्या देशाकडे अर्ज टाका,” असं एकाचं ठाम मत. नियम तसा नाही. जिथे मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखेच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडे. काकांच्या सहलीत पॅरिसच्या तीन रात्री आणि स्वित्झर्लंडच्या चार. म्हणजे स्वित्झर्लंड. हा देश २००८ च्या डिसेंबरात या व्यवस्थेत आला. त्याआधी, म्हणजे ‘दिलवाले दुल्हनिया’च्या काळात, पॅरिसहून तिथे जायचं तर आपल्याकडच्या माणसाला दुसरा व्हिसा लागे. यश चोप्रांनी तिथली शिखरं इतक्या वेळा पडद्यावर आणली की २०१६ मध्ये इंटरलाकेनने त्यांचा पुतळा उभारला. त्यांचे प्रेक्षक मात्र अजून रांगेत आहेत.

विमानाच्या तिकिटाबद्दलची अपेक्षा तर थोरच. आरक्षण दाखवा, पण व्हिसा हातात येईपर्यंत तिकिटाचे पैसे भरू नका. म्हणजे जाण्याचा इरादा पक्का हवा आणि तिकीट कच्चं. आपल्याकडे साखरपुड्यापासून लग्नापर्यंत असाच कारभार चालतो, त्यामुळे काकूंना त्यात वावगं काही वाटलं नाही. त्या अडल्या विम्यापाशी. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण हवं, आणि त्यात पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्चही धरलेला हवा. “शुभ बोल नाऱ्या!” म्हणून त्यांनी तो कागद फाइलमध्ये सगळ्यात खाली सरकवला.

अर्जाच्या नमुन्यात आणखीही गमती आहेत. जन्माच्या वेळचं आडनाव विचारतात, त्यामुळे काकूंना कित्येक वर्षांनी माहेरचं आडनाव लिहायला मिळालं आणि त्यांनी ते सगळ्यांत सुवाच्य लिहिलं. खर्च कशातून करणार, या रकान्यात ट्रॅव्हलर्स चेक अजून ठाण मांडून आहेत. काकांनी ते शेवटचे कधी हाताळले होते, ते त्यांनाही आठवेना. तरी ओळखीचं नाव दिसल्यावर त्यांना बरं वाटलं.

शुल्क २०२४ च्या जूनपासून ८० चं ९० युरो झालं. वर कागद गोळा करणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, कुरिअर, एसएमएस. व्हिसा नाकारला तरी शुल्क परत नाही. केंद्रातली मुलं निर्णय घेत नाहीत, तो वकिलातीचा; पण त्यांच्या कपाळावरची आठी बघून माणसं स्वतःचं भविष्य वाचत बसतात. काकूंच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. अंगठा पुसला, क्रीम लावलं, पुन्हा पुसलं, बोटं दाबून धरली. इतकी वर्षं भांडी घासल्यावर, लसूण सोलल्यावर रेषा राहणार कुठे? शेवटी उमटले. हे ठसे ५९ महिने चालतात. पाच वर्षांना एक महिना कमी; बाटाच्या किमती ठरवणाऱ्या कोणाचा तरी यात हात असावा.

पण घोर प्रश्न परत येण्याचाच. समोरच्या इमारतीतली, नुकती नोकरीला लागलेली, एकटीच फिरायला निघालेली मुलगी. तिला नकाराचा छापील कागद आला. कारणांच्या यादीतल्या एका चौकटीवर खूण: मुदत संपण्याआधी आपण परत जाल याबद्दल रास्त शंका आहे. अपिलाचा हक्क असतो, पण सुट्टी अपिलासाठी थांबत नाही. तिची आई मात्र सोसायटीभर सांगत सुटली, “बघा, लग्न कर म्हणून आता युरोपही सांगतोय!” एकटी कमावती मुलगी घरी परत येईल यावर विश्वास बसायला नवरा लागतो, या मुद्द्यावर दोन खंडांचं एकमत व्हावं, हे काही बरं लक्षण नव्हे.

काकांनी धडा घेतला आणि फाइलला गावच्या जमिनीचा सातबारा जोडला. त्यावर काकांसह चौदा चुलतभावांची नावं, त्यातले काही हयात, काही नाहीत. सोबत चिपळूणच्या कोर्टात चालू असलेल्या वाटपाच्या दाव्याचे कागद, इंग्रजी भाषांतरासह. काकूंनी कपाळाला हात लावला. “अहो, भाऊबंदकी कशाला दाखवताय परक्यांना?” काकांचा युक्तिवाद बिनतोड होता: “माणूस घर सोडेल, पेन्शन सोडेल. चालू दावा सोडून पळालेला कोकणी माणूस दाखव.”

व्हिसा आला. सहलीच्या दिवसांपुरताच, पण वापराची मुदत पंधरा दिवस जास्तीची. विमान चुकलं, आजारपण आलं तर असू दे म्हणून ही सवलत नियमातच आहे. घोळक्यात काकांनी पासपोर्ट फिरवला. तीन वर्षांत असे दोन व्हिसा नीट वापरले की भारतीयांना दोन वर्षांचा मिळू शकतो, असा नियम २०२४ च्या एप्रिलमध्ये आला आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

आणि त्याच आठवड्यात वकिलांचा फोन आला. दाव्याची तारीख नेमकी सहलीत पडत होती. “त्यात काय, मुदतीचा अर्ज देऊ,” वकील म्हणाले. कारण लिहिलं: पक्षकार परदेशी जात आहेत. सोबत व्हिसाची प्रत जोडली.

चुलतभावाच्या वकिलाने लगेच हरकत घेतली: वादी परत येतील कशावरून?