पानं तुमची, मनगटं आमची

गेटवे ट्रेलच्या कडेला घर असलेल्या, पाठीवर लीफ ब्लोअर अडकवलेल्या गृहस्थांस,



तुमचं नाव मला माहीत नाही आणि माहीत असतं तरी ते मी इथे लिहिलं नसतं. तुमच्या कामावरून तुम्ही ओळखू येता. ऑक्टोबरातल्या शनिवारी सकाळी तुम्ही यंत्र सुरू करता, अंगणातलं शेवटचं पान हलेपर्यंत थांबत नाही, आणि सगळा पाचोळा कडेच्या गवतावरून थेट सार्वजनिक डांबरावर लोटून देता. मग यंत्र बंद होतं आणि तुम्ही घरात जाता. अंगण लख्ख होतं. बाहेर उरतो तो ट्रेलवरचा ढीग, आणि वळणावरून त्याच्यावर येऊन आदळणारे आम्ही स्केटर.

मी महाराष्ट्रातून इथे मिनेसोटात आलेली बाई. आमच्याकडे पानगळ शिशिरात होते, होळीच्या आगेमागे. इथे ती नेमकी दसरा-दिवाळीच्या दिवसांत येते. दसऱ्याला आम्ही आपट्याची पानं सोनं म्हणून एकमेकांच्या हातात देतो. तुम्ही तुमची पानं परक्यांच्या चाकांखाली देता. एकाच मोसमात माणसं पानांचं काय काय करतात, ते मी दोन्हीकडे पाहिलं आहे, आणि तुमची रीत मला मान्य नाही.

ज्या डांबराला तुम्ही कचराकुंडी समजता, ते काय आहे हे आधी सांगते, कारण त्याच्या कडेला राहूनही तुम्ही ते कधी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. सेंट पॉलपासून स्टिलवॉटरजवळच्या पाइन पॉइंट पार्कपर्यंत 18 मैल, म्हणजे जवळपास 29 किलोमीटर, हा रस्ता जातो. इथे एके काळी सू लाइन रेल्वेचे रूळ होते. गाडीला तीव्र चढ झेपत नाही आणि झपकन वळताही येत नाही, म्हणून रुळांसाठी जमीन सपाट केली गेली, वळणं लांब आणि सैल ठेवली गेली. रूळ गेले, डांबर आलं, आणि स्केट्सवर जाणाऱ्या माणसाला हवा असतो तसाच रस्ता तयार झाला. मोटारींना त्यावर बंदी आहे. पुण्यात, नागपुरात, ठाण्यात हजारो मुलं स्केटिंग शिकतात. पण ती शिकतात रिंकवर, नाहीतर सोसायटीच्या आवारात, गाड्या निघण्याआधी पहाटे उठून. त्याच वर्तुळात गोल गोल फिरत मोठी झालेली मुलगी पहिल्यांदा अशा रस्त्यावर येते आणि मैलोन्‌मैल थांबावं लागत नाही, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते तुम्ही तुमच्या खिडकीतून बघू शकता. फुकट आणि रोज.

आणि तुमचं हे पानं लोटणं कुठे चाललंय? मिनेसोटात. स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन हे हॉकी खेळणारे भाऊ याच भागातले. बर्फ नसतानाही सराव करता यावा म्हणून एका रांगेत चाकं बसवलेले बूट त्यांनी घडवले आणि 1980च्या सुमारास त्यातून रोलरब्लेड कंपनी उभी राहिली. 1996पासून दर सप्टेंबरात टू हार्बर्स ते डुलुथ, सुपीरियर सरोवराच्या काठाने, 26.2 मैलांची इनलाइन मॅरेथॉन होते. त्या शर्यतीनंतर बर्फ पडेपर्यंत जे थोडे आठवडे उरतात ते इथल्या स्केटिंगचे सगळ्यात सुंदर आठवडे असतात. उन्हाळ्याचा घाम नाही, डास नाहीत, हवा कोरडी आणि थंड, मेपल लाल, ॲस्पेन पिवळे, ओक तांबूस. रंग कुठवर चढले आहेत हे राज्याचं नैसर्गिक संपदा खातं नकाशावर दाखवतं आणि लोक शेकडो मैल गाडी हाकत ते बघायला येतात. आम्हाला ते चाकांवरून, अंगाला वारा लागत बघायला मिळतात. हेच आठवडे तुम्ही दरवर्षी नासवता.

तुम्ही म्हणाल, पानांनी असं काय होतं? सायकलवाले तर जातात.

सायकलवाला पायडल मारतो तेव्हा त्याचं चाक रस्त्याला मागे ढकलतं. स्केटर रस्त्याला बाजूला ढकलतो. आमचं प्रत्येक पाऊल तिरकं बाहेर जातं, आणि त्या तिरक्या रेट्याला डांबराने धरून ठेवलं तरच शरीर पुढे सरकतं. चाकं पॉलियुरेथेनची, गुळगुळीत, त्यांना टायरसारख्या नक्षीच्या खाचा नसतात. एकेक चाक रस्त्याला टेकतं ते बोटाच्या पेराएवढ्या जागेत. त्या जागेखाली ओलं मेपलचं पान आलं की रस्ता उरतच नाही. पान पानावरून सरकतं आणि रेटा देणारा पाय बाहेरच्या बाहेर निघून जातो. थांबायचं म्हटलं तरी तीच गत. टाचेमागचा रबरी ब्रेक असो की मागचा पाय आडवा घासून थांबणं असो, दोन्हीला घासायला डांबर लागतं. तुमच्या ढिगावर ब्रेक दाबणारा माणूस पानांवर ब्रेक दाबतो.

याला तुम्ही बाईमाणसाची भीती म्हणणार असाल तर ब्रिटनच्या रेल्वेकडे बघा. तिथे शरद ऋतूत रुळांवर पडलेली पानं चाकांखाली चिरडून असा चिकट, निसरडा थर होतो की शेकडो टन वजनाच्या गाड्या वेळेवर थांबत नाहीत. दर वर्षी त्या मोसमात खास गाड्या सोडून जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने रूळ धुवावे लागतात. पोलादी चाकांची गाडी जिथे घसरते, तिथे दहा वर्षांच्या मुलीने सांभाळून जावं, हा तुमचा सल्ला आहे का?

झाडांवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगते. झाडावरून सुटलेलं पान ट्रेलवर पडतं, एकेकटं पडतं, उन्हात वाळतं, वाऱ्याने कडेला जातं. तशा विखुरलेल्या कोरड्या पानांवरून आम्ही रोज जातो, ती चाकांखाली कुरकुरतात आणि तो आवाज आम्हाला आवडतो. पाऊस पडून गेला की आम्ही एक दिवस थांबतो, रस्ता सुकू देतो. ओल्या रस्त्यावर बेअरिंगही गंजतात, म्हणून ते आम्हाला करावंच लागतं. निसर्गाशी कसं वागायचं ते आम्हाला कळतं. तुमच्या ढिगाशी कसं वागायचं ते कळत नाही, कारण तो निसर्गाने केलेला नाही. तो घोट्याएवढा उंच असतो. वरून वाळलेला, सोनेरी, निरुपद्रवी दिसतो आणि तळाला आठ दिवस ओला राहतो. ऊन तिथवर पोचत नाही, वारा तो उचलत नाही. त्याच्या पोटात काय आहे ते वरून दिसत नाही: ओकची फळं, जी चाकाखाली गोट्यांसारखी फिरतात, बोटभर जाडीची काटकी, जी दोन चाकांच्या मध्ये अडकून त्यांना जागच्या जागी थांबवते, मुळांनी उचललेल्या डांबराची भेग, जी आम्हाला एरवी लांबूनच दिसते आणि जिच्यावरून आम्ही पाय उचलून जातो. ऑक्टोबरात ऊन खालून, तिरपं येतं. समोरून डोळ्यांवर किरण असताना सावली कुठली आणि ढीग कुठला हे शेवटच्या क्षणापर्यंत ओळखू येत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास सूर्यच मावळतो. मग कामावरून परतून ट्रेलवर येणाऱ्याला तुमचा ढीग पायांनीच कळतो.

गेल्या वर्षी एका शाळकरी मुलीला तो हातांनी कळला. ती माझ्या पुढे होती, चांगली, खाली वाकून, लांब लांब पावलं टाकत जाणारी. तुमच्या घरामागच्या वळणावर तिचा उजवा पाय घसरला आणि ती समोर झेपावत पडली. पडणारा माणूस हात पुढे टाकतो. स्केटिंगमध्ये सगळ्यात जास्त मोडतं ते मनगटच. तिने प्लास्टिकची पट्टी असलेले मनगट-संरक्षक घातले होते, म्हणून प्लास्टिक खरवडलं आणि हाड वाचलं. गुडघा फुटला. ती रडली, मी तिला धरून कडेला बसवलं, आणि मान वर केली तर तुम्ही दिसलात. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही यंत्र चालवत होता. कानांवर आवाज अडवणारी जाड टोपणं होती. मी तुम्हाला हाक मारली, दोनदा मारली. तुमचं यंत्र इतका आवाज करतं की स्वतःच्या कानांची काळजी तुम्हाला घ्यावी लागते, आणि ती तुम्ही घेतलीत. तेवढीच घेतलीत.

त्या दिवसापासून तुमच्यासाठी मी सबबी शोधून पाहिल्या, कारण शेजाऱ्याबद्दल वाईट मनात धरून राहणं मला जड जातं. ट्रेल झाडणं हे सरकारचं काम आहे, ही एक सबब. सरकार झाडतंही; पण तुम्ही अंगणातून आणून टाकलेला कचरा उचलण्यासाठी कर भरणारे आम्हीही आहोत, आणि झाडणारी गाडी रोज येत नाही. सगळेच असं करतात, ही दुसरी. नाही करत. तुमच्या दोन्ही बाजूंच्या घरांमागे डांबर स्वच्छ असतं, मी रोज पाहते. एवढी पानं ठेवायची कुठे, ही तिसरी, आणि एवढीच ऐकून घेण्यासारखी.

तर ऐका. गवत कापायच्या यंत्राने पानांवरून दोन-तीनदा फिरलात की त्यांचा बारीक चुरा होतो आणि तो गवतात मुरतो. मिनेसोटा विद्यापीठाचा कृषी विस्तार विभाग हेच करायला सांगतो, कारण त्यातलं पोषण हिरवळीलाच मिळतं. ज्या हिरवळीवर तुमचा इतका जीव, तिचं खत तुम्ही दर शनिवारी डांबरावर फेकून देता आणि वसंतात पैसे देऊन पोत्यातलं खत आणता. चुरा करायचा नसेल तर कुजणाऱ्या पिशव्यांत भरून ठेवा, पाचोळ्याची गाडी नेते. तेही नको असेल तर रॅमसे काउंटीने अंगणातल्या कचऱ्यासाठी जागा राखून ठेवल्या आहेत. तिथल्या रहिवाशाकडून पानांचे पैसे घेत नाहीत. पानं साध्या कचऱ्यात टाकायला सेंट पॉलच्या परिसरात 1990पासून मनाई आहे, म्हणून तर या सगळ्या सोयी झाल्या. पावसाच्या गटारात गेलेली पानं कुजून फॉस्फरस सोडतात आणि उन्हाळ्यात सरोवरं शेवाळाने हिरवी होतात, म्हणून शहरं दर शरदात हात जोडून सांगतात की पानं रस्त्यावर लोटू नका. एवढं सगळं तुमच्यासाठी मांडून ठेवलेलं असताना, ताशी शंभर मैलांहून जोराचा वारा सोडणारं यंत्र पाठीवर वागवणाऱ्या माणसाला त्याचं तोंड दुसरीकडे वळवता येत नाही?

हे पत्र मी मराठीत लिहिते आहे आणि तुम्ही मराठी वाचत नसाल. मी त्याचं इंग्रजी करून तुमच्या टपालपेटीत टाकणार आहे, सही करून. पण मराठीत लिहिण्याचं कारण आहे. या उपनगरांत आता आपल्या लोकांची शेकडो घरं आहेत, त्यांतली कित्येक अशाच ट्रेलना लागून आहेत, आणि त्यांतले बरेच जण अंगणाचं काम कंत्राटदाराला देऊन कामावर निघून जातात. पानं कुठे गेली हे ते विचारत नाहीत. तुम्ही त्यांतले असाल तर विचारा. या शनिवारी कंत्राटदार आला की त्याला घरामागे नेऊन ट्रेल दाखवा आणि सांगा, एकही पान तिकडे जाता कामा नये. आधीचा ढीग पडलेला असेल तर फावडं घेऊन तो स्वतः उचला, तळापर्यंत. नोव्हेंबरात बर्फ येण्याआधी उरलेले हे थोडे दिवस मुलांना त्या रस्त्यावरून जाऊ द्या.