तिसरं भांडं

सासूबाई चिपळूणहून डेन्व्हरला आल्या आणि दुसऱ्याच संध्याकाळी आभाळ गडगडलं. कोकणातलं माणूस, पागोळी दिसली की हात भांड्याकडे जातो. आमची दोन पिंपं पन्हळीखाली उभी होतीच. त्यांच्या शेजारी बादली, टब आणि पातेलं मांडून झालं, तेव्हा मी छत्री न घेताच धावलो.

"आई, आत घ्या ते. इथे पाऊस मोजून घ्यायचा असतो."

"अहो जावईबापू, छप्पर आपलंच ना?"

छप्पर आपलं, त्याचे हप्ते आपले, पाऊस मात्र नदीकाठच्या खालच्या माणसाचा. आमच्या कोलोरॅडो राज्यात नदीचं पाणी ज्यानं आधी वापरायला घेतलं, त्याचा हक्क आधी. आणि पाऊस शेवटी नदीलाच मिळणार, म्हणजे आमच्या वळचणीचा थेंब हा कुठल्यातरी शेतकऱ्याचा, वाटेत अडवलेला माल! 2016च्या ऑगस्टपर्यंत शहरातल्या साध्या घरानं एक पिंप भरणंसुद्धा बेकायदा होतं. मग विधिमंडळानं मन मोठं केलं: घरटी दोन पिंपं, दोन्ही मिळून 110 गॅलन, म्हणजे साधारण 416 लिटर. वर झाकण हवं. पाणी बागेला घाला, पिऊ नका.

आता हजार चौरस फुटांच्या छपरावर इंचभर पाऊस पडला तर सहाशेहून जास्त गॅलन होतात. पाव इंच पडायच्या आतच पिंपं तुडुंब. उरलेलं पाणी रस्त्यावरचं तेल पुसत, अगदी कायदेशीरपणे, गटारात जातं.

वसाहतीच्या समितीला पिंपांवर बंदी घालता येत नाही, पण ती दिसावीत कशी हे ठरवता येतं. म्हणून आमची पिंपं भिंतीच्या रंगाची आहेत. आपल्याच घरात चोरासारखी उभी असतात.

उलट मुंबईत 2002 पासून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पाऊस साठवायची सक्ती. माझ्या मेव्हण्याच्या तिथल्या सोसायटीतला त्यासाठीचा खड्डा नकाशात फार देखणा आहे. सध्या त्यावर दोन स्कूटर उभ्या असतात.

हे सगळं मी सासूबाईंना समजावलं. त्यांनी बादली, टब, पातेलं निमूट आत नेलं. पाच मिनिटांनी बाहेर आल्या त्या गणपतीसाठी बॅगेतून आणलेलं मोदकपात्र घेऊन, आणि ते पागोळीखाली ठेवलं.

"आई!"

"झाकण आहे त्याला," त्या म्हणाल्या. "आणि पिंप कुठेय हे?"

मी आत जाऊन कायदा पुन्हा वाचला. मोदकपात्राचा उल्लेख नाही.