नवशिक्यांसाठी जोतं, पर्लकोटा नदीसकट

साहित्य : एक लॅपटॉप, त्यात फ्रीकॅड हा आराखडे काढायचा प्रोग्राम (फुकट मिळतो), टेप, आणि पुरानं भिजून वाळलेली एक भिंत. शेवटची वस्तू गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाहून पर्लकोटेचा पूल ओलांडला की भामरागडच्या बाजारात सापडेल. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली जातो, तेव्हा ही खरेदी उन्हाळ्यात उरकावी.

काढायचं आहे एक छोटं दुकान. नवशिका जोतं, पायऱ्या, दार असं एकेक काढत प्रत्येक माप हातानं भरतो. तसं करू नका. फ्रीकॅडमधलं स्प्रेडशीट उघडा, एका चौकटीत ९०० मिमी लिहा आणि तिला 'जोतं' असं टोपणनाव द्या. पायऱ्यांची संख्या म्हणजे जोतं भागिले १५०. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक. एका पायरीची उंची म्हणजे जोतं भागिले ही संख्या. उंबऱ्याची उंची म्हणजे जोतंच. आकृतीतली मापं या चौकटींना जोडा. ९०० ला सहा पायऱ्या. जोतं १००० केलंत तर सात, प्रत्येकी साधारण १४३ मिमीची, आणि उंबराही मुकाट्यानं वर सरकतो. हे पहिल्यांदा दिसलं की माणूस उगाचच दहा वेळा आकडा बदलतो. बदला, वीज आहे तोवर.

मग अंगात हुशारी येते : जोत्यावरून पायऱ्या आणि पायऱ्यांवरून जोतं! प्रोग्राम लगेच कुरकुरतो. 'आधी तुम्ही जेवा' म्हणत ताटकळलेल्या दोन जावा आठवा, दोघीही उपाशी. कुणीतरी आधी बसायलाच हवं.

रेषांची अशी नाती आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली स्केचपॅड या आकृत्या काढायच्या प्रोग्राममध्ये जुळवली. आदिवासींसाठीचा लोकबिरादरी प्रकल्प हेमलकशात सुरू झाला तो त्यानंतर दहा वर्षांनी. नदीचं आणि जोत्याचं नातं मात्र दोघांच्याही आधीचं.

जोतं पुराच्या पाण्याच्या वर हवं. मग ते ९०० आले कुठून? तुम्ही ठोकून दिलेत. बाजारात विचारा. दुकानदार पाणी कमरेपर्यंत दाखवेल, शेजारी छातीपर्यंत, आणि शेजारी बुटका असेल. दोघांचे हात सोडा, भिंतीवरची गाळाची रेघ मोजा, वर थोडी जागा ठेवा. समजा, १२०० आले. चौकटीत भरा. आठ पायऱ्या! दार, उंबरा, सगळं जागच्या जागी.

फक्त पायरीची रुंदी ३०० असल्यानं जिना ६०० मिमी पुढे आला आणि रस्त्यात उतरला. रस्त्याची रुंदी कुठल्याच चौकटीत लिहिलेली नाही. टेप घ्या आणि पुन्हा पलीकडे जा, पूल अजून दिसत असेल तर.