आवक, वाटप, शिल्लक

आमच्या पक्षिनिरीक्षण मंडळाचे गेल्या सहा वर्षांतले सगळे ग्रुप फोटो काढून बघा. पंचवीस माणसं आभाळाकडे बघत असतात आणि एक माणूस जमिनीकडे. पंचवीस जणांच्या गळ्यात दुर्बिणी, त्या एकाच्या गळ्यात सुतळीने बांधलेलं बॉलपेन. हे आमचे नाना. फोटो काढणारा "नाना, इकडे बघा की" म्हणून ओरडतो तेव्हा ते पोळ्या मोजत असतात, आणि मधेच मान वर केली तर आकडा चुकतो.

नानांना पक्ष्यांतलं काही कळत नाही असं मात्र समजू नका. खंड्या कुठला आणि वेडा राघू कुठला हे ते अचूक सांगतात. पण ते पेन्शनीत निघाले ते पिंपरीकडच्या एका कारखान्याच्या स्टोअर्समधून. तेहतीस वर्षं नट-बोल्ट मोजलेल्या माणसाला, ज्या वस्तूची आवक-जावक आपल्या हातात नाही तिच्याबद्दल फारशी आपुलकी वाटत नाही. चक्रवाक आले काय, गेले काय, त्यांनी गेटपास थोडाच घेतलाय?

डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलं होतं, म्हणून शेजाऱ्याने एका रविवारी त्यांना आमच्याबरोबर कवडीपाटला आणलं. पुण्याहून सोलापूर रस्त्याने वीसेक किलोमीटरवर मुळा-मुठेचा तो जुना बंधारा आहे. नदीवरचा फेस आणि हिवाळी पाहुणे बदकं एकाच नजरेत बघायची असतील तर तिथे जावं. त्या दिवशीचा निरोप असा होता : 'पक्षी बघून झाल्यावर अंगतपंगत. प्रत्येकाने काहीतरी आणा.'

'काहीतरी' हा मराठीतला सगळ्यात बेभरवशाचा पदार्थ आहे. दहा वाजता बंधाऱ्याशेजारी वर्तमानपत्रं अंथरली आणि डबे उघडले, तर सात घरचा चिवडा, पाच घरचा दहीभात, शेंगदाण्याची चटणी एवढी की लग्नाला पुरावी, आणि पोळी एकही नाही. एकाने अख्खा अननस आणला होता, सुरी कुणीच आणली नव्हती. चमचे 'कुणीतरी आणेलच' या भरवशावर पंचवीस घरी राहिले होते. नानांनी डब्याच्या झाकणात दहीभात घेतला, वेफरचा चमचा केला, तिसऱ्या घासाला वेफर मोडला. ते काही बोलले नाहीत. परत येताना गाडीतही बोलले नाहीत. पुढच्या सहलीच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी मात्र आमच्यापैकी प्रत्येकाचा फोन वाजला.

"नाना बोलतोय. रविवारी काय आणताय?"

"बघते हं नाना."

"'बघते' हा पदार्थ नाही. लिहू काय?"

"अहो, अजून ठरवलं नाही. भाजीबिजी आणेन."

"भाजी लिहितो. बीजी कोण करणार?"

व्हॉट्सअॅपवर यादी टाका म्हणून तरुण मंडळींनी त्यांना परोपरीने सांगितलं. एकदा टाकलीही. बावीस जणांनी खाली अंगठा उमटवला. नानांनी त्यांतल्या प्रत्येकाला फोन करून विचारलं, "अंगठा म्हणजे काय धरायचं? पोळ्या की भात?" तेव्हापासून फोन आणि लांब वही, दुसरं काही नाही. वहीत चार रकाने : आवक, वाटप, शिल्लक आणि शेरा. पहिले तीन सगळ्यांना दाखवतात. चौथ्यावर हात ठेवतात. मी एकदा त्यांच्या खांद्यावरून चोरून वाचला आहे. एका बाईंच्या साबुदाणा खिचडीपुढे लिहिलं होतं, 'गठ्ठा. सुटे नग मिळाले नाहीत.'

नानांचा हिशोब पक्का असतो. एक किलो कणकेच्या साधारण पस्तीस पोळ्या, माणशी तीन, पण थंडीत पहाटे साडेचारला उठलेला माणूस चार खातो, म्हणून डिसेंबर-जानेवारीचा दर वेगळा. पोळ्या कधीही एका घरी सांगायच्या नाहीत, कारण त्या घरचा गजर वाजला नाही तर मंडळ उपाशी. कोरडी चटणी एकच घर. लोणचं कुणालाही सांगायचं नाही, ते सांगितल्याशिवाय येतंच. आणि रस्सा हद्दपार. पहिल्या वर्षी मटकीच्या उसळीचा डबा टेंपो ट्रॅव्हलरमध्ये कलंडला आणि रस्सा बँकवाल्या काकांच्या दुर्बिणीच्या पिशवीत शिरला. दुर्बीण स्वच्छ झाली, पण काका अजून सांगतात की पाणथळीवरचा कुठलाही पक्षी बघायला ती डोळ्याला लावली की गोड्या मसाल्याचा वास येतो. त्यावर नानांचा निर्णय एका ओळीत आला : 'रस्सा प्रवास करतो. फक्त सुकं.'

नाना स्वतः मात्र काहीही करून आणत नाहीत. "स्टोअरकीपरने माल बनवायचा नसतो," असं ते म्हणतात. काकूंचं म्हणणं वेगळं आहे. घरी यांना मिठाचा डबा कुठला ते अजून माहीत नाही, असं त्या म्हणतात. पण खायचं सोडून जे जे लागतं ते सगळं नानांच्या खाकी पिशवीत असतं : पळी, दोन डाव, सांडशी, गाळणी, सुरी, पत्रावळी, सुतळी, जुनी वर्तमानपत्रं, हात पुसायची फडकी. हे डावांचं प्रकरण मला तरी त्यांच्यामुळेच कळलं. माणूस पाव किलो तूप घालून शिरा करील, वर बदामाचे काप लावील, पण तो वाढायचा कशाने हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. आपण केलेला पदार्थ लोकांच्या ताटात आपोआप जातो अशी प्रत्येक सुगरणीची श्रद्धा असते.

आता माझं दुखणं सांगतो. नानांच्या वहीत माणसांना श्रेणी आहेत. नवीन सभासदाला पहिल्यांदा मीठ मिळतं, किंवा लिंबं. त्यात टिकला तर काकडी-टोमॅटो, चिरून नव्हे, अख्खे. मग कोशिंबीर. मग सुकी भाजी. सगळ्यात वर पोळ्या, आणि तिथे पोचलेली घरं चारच आहेत. मी सहा वर्षं मिठावर आहे. कारण पहिल्याच वेळी मी मीठ म्हणून जी बाटली उचलून नेली ती पिठीसाखरेची निघाली. ते काकडीला लावल्यावर कळलं. दोन जणांनी 'वेगळीच चव आहे' म्हणून पुन्हा मागून घेतलं, ही माझी बाजू नानांनी कधी ऐकूनच घेतली नाही. माझ्यामागून आलेली कॉलेजातली मुलगी आज मेथीच्या ठेपल्यांवर आहे.

माझ्याही खाली एक पायरी आहे, हे मला समाधान होतं. एक गृहस्थ तीन वेळा रिकाम्या हाताने आले. दर वेळी कारण वेगळं, भूक तीच. चौथ्या गुरुवारी नानांनी त्यांना फोनवर फक्त चार शब्द सांगितले : "काही नको. नुसते या." एरवी कुणी असं म्हटलं की माणूस सुखावतो, मराठी घरात याहून आदराचं आमंत्रण नाही. ते गृहस्थही सुखावले. पुढे वर्षभर दर गुरुवारी तेच ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते नाट्यसंगीताच्या मंडळात गेले.

डब्यांचं म्हणाल तर त्यावर स्वतंत्र प्रबंध होईल. पंचवीस घरचे डबे एकत्र आले की पंगतीनंतर अर्धा तास झाकणांची स्वयंवरं चालत. आमच्या जुन्या पातेल्यांवर आजीचं नाव आणि तारीख कोरलेली असे, तो काळ गेला. आता सगळ्यांचे डबे एकाच मॉलमधून आलेले, जुळ्या भावंडांसारखे. नानांनी यावर उपाय काढला तो पक्ष्यांवरूनच, हे त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. मुंबईची बीएनएचएस ही १८८३ सालची संस्था पक्षी पकडून त्याच्या पायात नंबराचं कडं घालते आणि सोडून देते. दूर कुठे तो सापडला तर कळवावं, म्हणजे त्याचा प्रवास समजतो. हे कुणीतरी व्याख्यानात सांगितलं तेव्हा नाना प्रथमच वही मिटून ऐकत होते. पुढच्या सहलीला प्रत्येक डब्याला आणि त्याच्या झाकणाला सुतळीने एकेक पत्र्याचा बिल्ला लागला. बारा नंबरच्या डब्याला बारा नंबरचं झाकण.

त्यातला सतरा नंबर त्याच महिन्यात बेपत्ता झाला. तळी, माळ, टेंपोच्या सीटखाली, सगळीकडे शोध झाला. दीड वर्षाने आमच्यातल्या एकीला तो साताऱ्यात दिसला, तिच्या नणंदेच्या जावेच्या घरी, रुखवतात, वर कुरडया ठेवलेल्या, बिल्ला शाबूत. तो तिथवर कोणत्या मार्गाने गेला, मधे कुठे उतरला, एकटा गेला की थव्याने, यावर मंडळात जेवढी चर्चा झाली तेवढी पट्टकादंब हिमालय ओलांडतात त्यावरही झाली नव्हती. नानांनी वहीत नोंद केली : '१७. पुनर्दर्शन, सातारा. तब्येत उत्तम. परत मागू नये, लग्नघर आहे.'

वर्षातला त्यांचा सगळ्यात कठीण काळ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ला सलीम अलींचा, म्हणून महाराष्ट्रात हा पक्षी सप्ताह असतो. सहल ठरलेली. पण बहुतेक वर्षी दिवाळीही त्याच्या आगेमागेच येते, आणि घराघरांत उरलेल्या फराळाला कुठे तरी निरोप द्यायचा असतो. उसळ लिहून घेतलेल्या घरून चकल्या येतात. भाताच्या डब्यात तळाशी थोडा भात आणि वर करंज्या. नानांनी एका वर्षी टेंपोच्या दाराशी उभं राहून झडती घेतली. "हे काय?" "अनारसे, नाना. घरचे आहेत." "घरचे आहेत तर घरी का नाहीत?" या प्रश्नाला आजवर कुणाला उत्तर सुचलेलं नाही.

आणि आता भिगवण. जानेवारीतली गोष्ट. पुण्याहून शंभर किलोमीटर, उजनीच्या फुगवट्याचं पाणी, कुंभारगावातून होडी, समोर रोहित पक्ष्यांचा थवा. पुण्याच्या पक्षिमित्राला यापलीकडे काही मागायचं नसतं. होडीतून परतलो तेव्हा साडेनऊ झाले होते. गावात ताज्या माशांचं कालवण आणि चुलीवरची भाकरी मिळते, वास सगळीकडे पसरला होता, आणि काही निष्ठावंतांची नजर तिकडे वळत होती. नानांनी घाईघाईने काठावर पंगत मांडली. मुख्य आकर्षण चोवीस अळूवड्या. पोळ्यांच्या चार घरांपैकी सर्वांत जुन्या वहिनींनी केलेल्या, तिळाच्या, कडेला कुरकुरीत. माणसं सव्वीस, म्हणून नानांनी आधीच ठरवलं होतं की स्वतः खायची नाही आणि आणखी कुणाला तरी उपास आहे का बघायचं. वाटप होईपर्यंत डब्याचं झाकण धरून बसायला एक माणूस हवा होता. मिठाची बाटली देऊन मी मोकळाच होतो. नानांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला, आणि सहा वर्षांनी माझी बढती झाली.

"झाकणावर बसा. हात काढायचा नाही."

मी बसलो. अगदी मनापासून बसलो. इतक्यात पलीकडून कुणीतरी किंचाळलं, "बहिरी ससाणा!" पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली. वरून एक करडा दगड सुटल्यासारखा तो खाली येत होता. असं दृश्य आयुष्यात एखाद्या वेळी दिसतं. पंचवीस दुर्बिणी वर गेल्या. पंचविसावी माझी होती, आणि दुर्बिणीला दोन हात लागतात.

ससाण्याचा वार हुकला. आम्ही "अरेरे" म्हटलं. त्याच वेळी माझ्या गुडघ्याजवळून वारा गेला, पंखांची फडफड झाली, आणि आम्ही खाली पाहिलं तेव्हा डब्यातली मधली अळूवडी नव्हती. त्यानंतर तासभर वाद चालला. कुणी म्हणे साधी घार, कुणी म्हणे ब्राह्मणी घार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दलदलीतला भोवत्या असेल, भोवत्ये असं करतात. पण त्या पक्ष्याला प्रत्यक्ष कुणी पाहिलंच नव्हतं. सगळे वर बघत होते.

सगळे म्हणजे पंचवीस जण. नाना पत्रावळी मोजत होते.

"साधी घार," त्यांनी वहीतून मान वर न करता सांगितलं. "शेपटीत खाच होती. पूर्वेकडून आली, उजव्या पंजाने उचलली, नऊ बावन्नला. जमिनीला पाय लावला नाही. शेजारी वेफर्सचा डबा उघडा होता, त्याला शिवलीसुद्धा नाही."

मंडळाच्या सहा वर्षांत इतकी बिनचूक नोंद कुणी केलेली नाही. आमच्या अध्यक्षांनी ती तशीच अहवालात घेतली. नानांच्या वहीत ती वेगळ्या रकान्यांत आहे : 'अळूवडी. आवक २४. वाटप २३. घार १. शिल्लक ०.' शेऱ्यावर त्यांनी हात ठेवला होता.

फेब्रुवारीत मयूरेश्वर अभयारण्यात जायचं ठरलं. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता माझा फोन वाजला. मी मिठाची बाटली आधीच भरून, चाखून, वर 'मीठ' अशी चिठ्ठी डकवून ठेवली होती.

"नाना बोलतोय."

"बोला नाना. मीठ तयार आहे."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"काही नको," नाना म्हणाले. "नुसते या."