साहेबांची फिरती

पोहण्याच्या शिबिराचा समारोप आणि यंत्रमानव बनविण्याच्या शिबिराचे उद्घाटन यांच्या दरम्यान बेंगळुरूच्या वेळापत्रकात जी काही दिवसांची फट शिल्लक राहिली होती, ती बुजविण्यासाठी आमच्या सात वर्षांच्या दौहित्राची पुण्यास, आमच्या घरी, तात्पुरती नेमणूक झाली. आमच्या लहानपणी मुले आजोळी जावयाची ती वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपल्याबरोबर, आणि परतावयाची ती मृग बरसून शाळेची घंटा वाजण्याच्या बेतात असताना. मधल्या काळात त्यांनी काय खाल्ले, कोठून पडली आणि कोणाच्या विहिरीत डुंबली, याची चौकशी करण्याची मुभा प्रत्यक्ष जन्मदात्यांसही नसे. आता रजेवर गेलेल्या कारकुनाच्या खुर्चीत दुसऱ्या टेबलावरचा माणूस चार दिवस बसवावा, तसे आजीआजोबांस बसविण्यात येते. मला याचा राग येतो. तो मुलीवर काढावा, तर तिला स्वतःलाच रजा मिळत नाही. जावयावर काढावा, तर तो समोर आला की मला उगाच हसू येते. सबब तो राग मी दरवर्षी उन्हाळ्यात वाळवून पुन्हा डब्यात भरून ठेवतो.

नातवाबरोबर एक सूचनापत्रही आले. उन्हात नेण्यापूर्वी कोणते मलम लावावे, उघड्यावरचे काय खाऊ नये, पडद्यासमोर किती वेळ बसू द्यावे, यांविषयीची कलमे मी निर्विकार मुद्रेने वाचली. पण 'त्याला घाबरवणाऱ्या गोष्टी सांगू नका, बाबा' या शेवटच्या कलमापाशी मात्र माझा चेहरा उतरला. कारण मी पुण्याचा रहिवासी असून नारायणराव पेशव्यांचा वध हा माझा हुकमी प्रवेश आहे. 'काका, मला वाचवा' ही आरोळी मी अशा काही कंपित स्वरात मारतो की शनिवारवाड्यातील परगावचे लोक स्वतःचा वाटाड्या सोडून माझ्यामागून चालू लागतात, निदान मला तरी तसे वाटते. शनिवारवाडा दाखवायचा आणि त्यातून नारायणराव वजा करावयाचे, ही अट मी कोणत्याही सरकारची मान्य केली नसती.

तरी माझा आत्मविश्वास ढळला नाही, कारण थोरामोठ्यांची फिरती आखणे यात माझी हयात गेलेली आहे. महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून, आणि पुढे नायब तहसीलदार म्हणून, मी ज्या तालुक्यात गेलो तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या दौऱ्याचा कार्यक्रम माझ्याच हस्ताक्षरात लिहिला जाई. साहेब कोठे उतरतील, कोठे बसतील, कोठे पाणी मागतील आणि कोणत्या शेतकऱ्याच्या शेतात 'सहज' थांबतील, हे साहेबांस ठाऊक होण्यापूर्वी मला ठाऊक असे. एका दुष्काळी तालुक्यात तर विश्रामगृहापासून पाझर तलावापर्यंतच्या रस्त्याकडेच्या प्रत्येक धोंड्याला मी एका रात्रीत गेरू आणि चुना लावून घेतला होता. कंदिलाच्या उजेडात, झोपेने डोळे मिटत असताना काम करणाऱ्या कोतवालाने त्या ओघात रस्त्याकडेला बसलेल्या एका गाढवाच्या पाठीलाही धोंडा समजून चुना फासला. आणि ते जनावर इतके सहनशील, की ते काम पुरे होईपर्यंत हलले नाही. सकाळी साहेब आले. त्यांनी तलाव पाहिला, दप्तर पाहिले, 'सहज' शेतकरीही पाहिला, आणि जाताना शेरेबुकात दोनच वाक्ये लिहिली: 'रस्ता चांगला. गाढवाच्या त्वचारोगावर उपचार व्हावेत.'

आता साहेबांचा शेरा म्हटला की त्याची पूर्तता आली. गाढव कोणाचे याचा तपास तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने गावातील सर्व कुंभारांचे व बेलदारांचे जबाब घेतले. सर्वांनी मालकी नाकारली, कारण औषधाचा खर्च आपल्या अंगावर पडेल अशी वदंता उठली होती. पशुवैद्यांनी जनावर समक्ष हजर केल्याखेरीज अभिप्राय देण्यास नकार दिला. जनावर हजर करावे, तर मधल्या काळात एक वळवाची सर पडून ते मुळासारखे स्वच्छ झालेले, आणि स्वच्छ गाढवांतून रोगी गाढव कोणते हे ओळखण्याचे साधन सरकारी साहित्यात नव्हते. अखेरीस 'सदर जनावर नैसर्गिक उपायांनी बरे झाले असल्याने प्रकरण दप्तरदाखल करण्यात यावे' असा मसुदा मी लिहिला, आणि तो मंजूर झाला. तो मसुदा माझ्या नोकरीतील सर्वोत्कृष्ट गद्य होय, असे माझे आजही मत आहे. या प्रसंगाचा नातवाच्या आगमनाशी काय संबंध, असे आमची ही विचारते. संबंध इतकाच, की तो सांगण्याची संधी मी सहसा सोडत नाही.

तर कार्यक्रमपत्रिका तयार झाली, आणि त्या क्षणापासून नातवाचे नाव मागे पडून आमच्या घरात त्यास 'साहेब' ही पदवी रूढ झाली.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर मी घसा साफ केला. थोरल्या बाजीरावांनी या वास्तूचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, वगैरे मजकूर मी सुरू केला. पण साहेबांची दृष्टी दरवाजाच्या फळ्यांवर उभारलेल्या अणकुचीदार खिळ्यांवर खिळली होती. शत्रूच्या हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर ही योजना केलेली असते, असे मी अभिमानाने सांगितले.

"पण हे हत्तीला आधी सांगितलं होतं का?"

हा मुद्दा माझ्या वाचनात आलेल्या एकाही बखरकाराने उपस्थित केलेला नाही. मी विषय बदलून त्यास आत नेले. आत हिरवळ, जोती, कारंज्यांची कोरडी कुंडे. साहेबांनी चौफेर पाहून 'घर कुठाय?' असे विचारले. ते १८२८ च्या आगीत जळाले, असे मी म्हणताच, 'मग आपण काय बघायला आलो?' हा पुढचा प्रश्न तयारच होता. पुण्यातील पुष्कळशा अभिमानस्थळांना तो लागू पडत असल्यामुळे त्याचे उत्तर मी जाहीरपणे देऊ इच्छीत नाही. बाहेर पडताना मात्र साहेब माझा हात ओढून हळूच म्हणाले, "आबा, इथे रात्री भूत 'काका मला वाचवा' ओरडतं ना? मी पाहिलंय. व्हिडिओ आहे." मातोश्रींच्या आदेशाचा मान राखून मी गिळून टाकलेला माझा हुकमी प्रवेश कोणी परक्या माणसाने, बहुधा वाईट आवाजात, त्यास आधीच करून दाखविला होता!

मेट्रो कार्यक्रमपत्रिकेत केवळ वाहन म्हणून होती. मंडईच्या स्थानकातून भुयारात उतरावे, मुठा नदीच्या तळाखालून पलीकडे जावे आणि न्यायालयाच्या स्थानकावर वर यावे, असा बेत होता. परंतु ते स्थानक सुमारे शंभर फूट खोल असल्यामुळे तेथे सरकत्या जिन्यांची जी मालिका आहे, ती पाहिल्यावर साहेबांनी उर्वरित दौरा तेथेच तहकूब केला. वर, खाली, पुन्हा वर. येथे एक गोष्ट नमूद करणे प्राप्त आहे. सरकत्या जिन्यापुढे आलो की मी भिंतीवरची एखादी सूचना अत्यंत बारकाईने वाचू लागतो. लोकांस हा गृहस्थ जिज्ञासू वाटतो, वस्तुतः कोणत्या पायरीवर पाय टाकावा याचा त्याचा हिशेब चाललेला असतो. साहेबांनी ती सूचना माझ्याबरोबर एकदा पूर्ण वाचली, मग माझे बोट धरून, "आबा, पिवळ्या रेषेवर नका ठेवू पाय. मी 'आता' म्हटलं की ठेवा," असे सांगितले. त्यानंतर जिन्यावर चढण्याउतरण्याचा हुकूम त्यांच्याकडूनच सुटत असे.

केळकर संग्रहालयाची भेट मी दिवे आणि अडकित्ते यांच्या भरवशावर ठेवली होती. एका माणसाने गावोगाव हिंडून, जुन्या बाजारांत आणि मोडकळीस आलेल्या वाड्यांत घासाघीस करून वीस हजारांवर वस्तू जमवाव्या आणि पुढे त्या सर्व सरकारच्या हवाली कराव्या, हे मला नेहमीच अद्भुत वाटत आले आहे. माझ्या घरून मी सरकारला एक मोडका स्टोव्हसुद्धा दिला नसता. मोर, हत्ती, घोडे अशा नाना आकारांचे अडकित्ते दाखवीत मी पुढे चाललो असता साहेब पाटीपाशीच थबकले होते. राजा दिनकर केळकर संग्रहालय. 'हा कुठला राजा?' मी सांगितले, की हा गादीवरचा राजा नव्हे. ज्या दिनकररावांनी हे सारे जमविले त्यांचा हा मुलगा. तो लहानपणीच वारला, म्हणून त्याचे नाव दिले. साहेबांनी थोडा वेळ विचार केला.

"मग त्याची खेळणी कुठल्या कपाटात आहेत?"

मी इकडेतिकडे पाहिले. दिवे होते, वज्री होत्या, दौती होत्या, पानदाने होती, दुसऱ्या कोणाकोणाच्या घरांतून आलेल्या शेकडो वस्तू होत्या. आणि हा बाप आयुष्यभर परक्यांची कपाटे का धुंडीत फिरला असेल, याचा मी आजवर, इतक्या वेळा येथे येऊनही, विचार केला नव्हता. दिनकरराव 'अज्ञातवासी' या नावाने कविताही लिहीत, एवढे मात्र मला पाठ होते. आम्ही बाहेर येऊन उसाचा रस प्यालो, जो सूचनापत्रातील एका कलमाचा उघड भंग होता.

या अवधीत आमच्या सौभाग्यवतींनी एकही स्थळ दाखविले नाही. तिने फक्त गच्चीवर कुरडया घातल्या. पहाटे गव्हाचा चीक शिजला, त्यातला वाटीभर तूपसाखर घालून साहेबांपुढे आला, आणि हातात काठी देऊन त्यांची कावळ्यांच्या बंदोबस्तावर तैनात झाली. वेतन कावळ्यामागे एक ओलसर साबुदाण्याची पापडी. माझ्या कार्यक्रमपत्रिकेसाठी ज्या गृहस्थांस उठविता उठविता माझी दमछाक होई, ते या चाकरीवर उजाडण्यापूर्वी रुजू होत. आणि दुपारी पापड्यांचा हिशेब जुळेना तेव्हा कावळ्यांच्या खोट्या नोंदी केल्याचे आढळून आले. अशी लबाडी रक्तातच असावी लागते, असे ती माझ्याकडे पाहून म्हणाली. मला मत्सर वाटला नाही. मी फक्त दोनदा गच्चीवर जाऊन, मुलाला ऊन लागेल, असे बजावून आलो.

पर्वती मी शेवटास ठेवली होती. पर्वतीच्या पायऱ्या मी एका दमात चढतो, अशी माझी पेठेत ख्याती आहे. ती मीच पसरविली आहे. वास्तविक मी अधूनमधून थांबतो, परंतु थांबलो असे दिसू नये म्हणून त्या त्या ठिकाणी इतिहास सांगतो. पानिपताच्या धक्क्याने खचलेल्या नानासाहेबांनी १७६१ साली येथेच देह ठेवला, ही एक विश्रांती. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी येथूनच खडकीची लढाई पाहिली, ही दुसरी. साहेब माझ्या पुढे चार पायऱ्या उड्या मारीत होते. तिसऱ्या थांब्यावर ते खाली आले आणि माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले,

"आबा, तुम्हाला दम लागला की तुम्ही पेशवे सांगता."

मी काही बोललो नाही. बोलण्याइतका श्वास नव्हता. पुन्हा चढू लागलो. थोड्या पायऱ्या झाल्या आणि साहेब आपण होऊन थांबले. "आता कुठले पेशवे?" मी बाळाजी विश्वनाथ सांगितले. पुढे पुन्हा थांबले. "आता?" मी थोरले बाजीराव सांगितले. त्यांच्यानंतर नानासाहेब, मग माधवराव. माधवरावांवरून मी सूचनापत्रास स्मरून एकदम सवाई माधवरावांवर उडी घेतली, तेव्हा त्यांनी मला अडवून, "नारायणराव राहिले," असे बजावले; आणि ज्या प्रवेशावर माझी सारी कीर्ती उभी आहे तो मी तेथे, कठड्याला धरून, एका वाक्यात, कुजबुजत्या आवाजात उरकला. साहेबांनी मान हलविली. मग दुसरे बाजीराव झाले. पेशवाई बुडाली, आणि पायऱ्या अद्याप उरल्याच होत्या.

"संपले?" त्यांनी विचारले. मी होकार दिला. त्यांनी वर देवळाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "मग परत पहिल्यापासून सांगा."

मुलगी न्यावयास आली त्या दिवशी मी दोन रुपयांच्या जुन्या वहीचे शेरेबुक करून साहेबांपुढे ठेवले, आणि दौऱ्याविषयी अभिप्राय मागितला. बेंगळुरूच्या शाळेत मराठी नसल्यामुळे वेलांट्यांनी दिशा बदलल्या होत्या. तरी शेरा वाचनीय होता: 'जिना खूप छान. कुरडया छान. हत्तीला सांगायला पाहिजे होतं. पेशवे कमी पडले.' खाली इंग्रजीत सही, आणि सहीखाली एक कावळा.

शेऱ्याची पूर्तता महिन्याच्या आत करण्याचा शिरस्ता असल्यामुळे मी त्याच रात्री अहवाल लिहावयास बसलो. मुद्दा एक, जिना: मेट्रो कंपनीचा असल्याने या कार्यालयास काही करणे नाही. मुद्दा दोन, कुरडया: डबाभर सोबत रवाना केल्या असून पोच अपेक्षित आहे. मुद्दा तीन, हत्ती: दरवाजा शाबूत असला तरी राखावयाचा वाडाच १८२८ साली नष्ट झाल्याने हत्तीस कळविण्याचे प्रयोजन उरलेले नाही, सबब दप्तरदाखल. मुद्दा चार, पेशवे: त्यांची संख्या वाढविणे प्रस्तुत कार्यालयाच्या अधिकारकक्षेबाहेर आहे, तथापि पुढील फिरतीच्या वेळी पायऱ्या तितक्याच आणि दम आणखी कमी असणार हे ध्यानी घेऊन, सातारकर छत्रपती व नागपूरकर भोसले यांच्या वंशावळी पाठ करण्याचे काम हाती घेतले आहे.